वेरावळची माहेरवाशीण

गिरनार उतरून सोमनाथकडे निघालेल्या यात्रेकरूंना वेरावळ डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला जाणवते. जुनागढहून दक्षिणेकडे येणारा रस्ता भुईमुगाची शेते आणि नारळाच्या वाड्या मागे टाकीत समुद्राजवळ येऊ लागला की वारा बदलतो. तो खारट होतो, ओलसर होतो आणि मग त्यात सुकत घातलेल्या मासळीचा उग्र दर्प मिसळतो. गाडीच्या काचा वर होतात. पदर आणि रुमाल नाकाशी जातात. मुले प्रश्न विचारू लागतात आणि वडीलधारी माणसे एवढेच सांगतात, "बंदर आहे, आत्ता मागे पडेल."

बंदर मागे पडतेही. अवघ्या पाच-सहा किलोमीटरांवर प्रभासपाटण येते. तेथे आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ भगवानांचे मंदिर आहे, समुद्राच्या काठावर सोमनाथाचे मंदिर आहे, हिरण, कपिला आणि सरस्वती या नद्यांचा संगम आहे. दर्शन होते, प्रसाद घेतला जातो, संध्याकाळी किनाऱ्यावर घटकाभर बसणे होते आणि दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास सुरू होतो. ज्या वेरावळकडे पाहायचे टाळून यात्रेकरू पुढे गेलेले असतात, त्याच वेरावळात गेल्या पाव शतकात जीवदयेचे एक मोठे कार्य घडले आहे. ते घडवणाऱ्यांत मासेमारीवरच ज्यांचे पोट आहे अशी माणसे पुढे होती, ही त्यातली विशेष गोष्ट.

वेरावळ हे देशातील सर्वांत मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक आहे. खाडीच्या दोन्ही अंगांना होड्या इतक्या दाटीने उभ्या असतात की पाणी दिसू नये. काठावर लाकडी होड्या बांधण्याचे काम वर्षभर चालू असते. फळ्या वाकवणे, सांधे भरणे, तेल-रंग चढवणे ही कामे बापाकडून मुलाकडे आलेली आहेत. खारवा, कोळी आणि मुस्लिम मच्छीमारांच्या कित्येक पिढ्या या पाण्यावर जगल्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा सगळे बंदर जाळी विणण्यात आणि सांधण्यात गढलेले असते. पावसाळा सरला की होड्या पुन्हा खोल पाण्यात जातात, आणि त्यानंतरच्या महिन्यांत, विशेषतः उन्हाळा लागताना, या पाण्यात एक पाहुणी येते.

ती म्हणजे व्हेल शार्क. नावात 'व्हेल' असले तरी ती देवमासा नव्हे. देवमासा सस्तन प्राणी आहे. ही शार्क आहे, म्हणजे मासा आहे, आणि पृथ्वीवरील सर्व माशांत आकाराने सर्वांत मोठी आहे. पूर्ण वाढलेली व्हेल शार्क बारा मीटर किंवा त्याहूनही लांब असू शकते, आणि अशा माशाचे वजन दोन हत्तींच्या वजनाहून कमी भरत नाही. तिच्या करड्या-निळ्या पाठीवर पांढरे ठिपके असतात. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकीच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते आणि तिच्यावरून अभ्यासक एकेक मासा ओळखतात. एवढ्या प्रचंड देहाचे अन्न मात्र अगदी बारीक असते. दीड मीटर रुंदीपर्यंतचे तोंड उघडून ती संथपणे पोहत राहते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव, लहान कोळंबीसारखे प्राणी आणि बारीक मासे गाळून घेते. तोंडात हजारो दात असतात, पण ते इतके लहान असतात की चावण्याच्या कामाचे नाहीत. माणसाला ती इजा करीत नाही. होडीजवळ आली तरी तिच्या चालीत फरक पडत नाही.

हीच संथ चाल तिच्या जिवावर उठली. गुजरातच्या किनाऱ्यावर तिचे जुने नाव होते 'बॅरल'. हे नाव पडले ते शिकारीच्या रीतीवरून. ती पृष्ठभागाजवळ आली की लोखंडी आकडा तिच्या अंगात रुतवायचा. आकड्याला दोर आणि दोराला रिकामी पिंपे बांधलेली असायची. पिंपांमुळे तिला खोल बुडी मारता येत नसे. दमून ती निपचित झाली की ओढून किनाऱ्याला आणली जाई. पूर्वी तिच्या यकृताचे तेल तेवढे उपयोगाचे होते. लाकडी होड्यांच्या फळ्यांत पाणी मुरू नये म्हणून ते लावले जाई. १९९० च्या दशकात परदेशातून, मुख्यतः तैवानकडून, तिच्या मांसाला आणि परांना मागणी आली, आणि वर्षातून काही थोड्या माशांपुरती असलेली शिकार व्यापार बनली. वेरावळपासून द्वारका-ओख्यापर्यंतच्या किनाऱ्यावर शेकडो व्हेल शार्क मारल्या गेल्या.

असा व्यापार फार दिवस चालू शकत नाही, कारण शार्कची जात इतर माशांसारखी नाही. तारली किंवा बांगडा एका हंगामात हजारो अंडी घालतो आणि एक-दोन वर्षांत त्याची पिले मोठी होतात. व्हेल शार्कला वयात येण्यासच पंचवीस-तीस वर्षे लागतात. म्हणजे वेरावळच्या काठावर ओढून आणलेली मादी जाणत्या वयाची असली, तर ती पाव शतकाची कमाई असे. बहुतेक मोठ्या शार्कचे असेच आहे. उशिरा प्रौढ होणे, दीर्घ गर्भधारणा आणि मोजकी पिले असा त्यांचा क्रम असतो. म्हणून शार्कच्या मासेमारीला मर्यादा घालणे हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. मर्यादा नसेल तर काही वर्षांत मच्छीमाराच्या हातीही काही उरत नाही.

हा संहार देशापुढे आला तो एका माहितीपटामुळे. वन्यजीव-चित्रपटकार माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरील ही शिकार चित्रित केली. 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या त्यांच्या माहितीपटाला २००० साली वन्यजीव-चित्रपटांच्या जगात 'ग्रीन ऑस्कर' म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, मे २००१ मध्ये, भारत सरकारने व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत केला. वाघाला जे संरक्षण आहे तेच तिला मिळाले. या अनुसूचीत स्थान मिळालेला हा पहिलाच मासा. तिची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांचा कारावास होऊ शकतो. २००२ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारातही तिचा समावेश झाला.

कायदा झाला, पण कायदा दिल्लीत होतो आणि जाळे समुद्रात असते. किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर, रात्रीच्या अंधारात, जाळ्यात कोणता मासा सापडला आणि त्याचे काय झाले हे पाहण्यास तेथे कोणी पोलीस नसतो. कित्येक मच्छीमारांना कायदा बदलल्याचे ठाऊकही नव्हते. ज्यांना ठाऊक झाले त्यांचा प्रश्न साधा होता: आजवर जो मासा होता तो आज गुन्हा कसा झाला?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या भाषेत देऊन भागले नसते. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेने गुजरात वनविभाग, टाटा केमिकल्स आणि प्राणिकल्याणासाठी काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या साहाय्याने किनाऱ्यावर जनजागृतीचे काम सुरू केले. रामकथाकार मोरारी बापू या कामाशी जोडले गेले. सौराष्ट्रात त्यांचा शब्द घरोघरी ऐकला जातो. त्यांनी मच्छीमारांना आकडे सांगितले नाहीत. लेक बाळंतपणाला माहेरी येते, तशी ही दूरच्या समुद्रातून गुजरातच्या पाण्यात येते. माहेरी आलेल्या लेकीवर कोणी हात उचलतो का, एवढेच त्यांनी विचारले. 'बॅरल'ला नवे नाव मिळाले 'व्हाली', म्हणजे लाडकी.

माहेरवाशिणीचे महत्त्व मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सौराष्ट्रातही ती भावना तितकीच खोल आहे. व्हेल शार्कची लहान पिले या किनाऱ्यालगत आढळली आहेत, त्यामुळे हे रूपक अगदीच कल्पनेतले नव्हते. गावोगाव पथनाट्ये झाली. खऱ्या आकाराची, हवा भरलेली व्हाली गावांतून फिरली. जिला आजवर तुकड्यांतच पाहिले होते ती अखंड केवढी असते हे मुलांनी प्रथमच पाहिले. वेरावळ, पोरबंदर, द्वारका, ओखा यांसारख्या गावांनी तिला आपले मानचिन्ह म्हणून स्वीकारले. कार्तिक अमावास्येला गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क दिन साजरा होऊ लागला.

परंतु नाव बदलल्याने जाळ्याची किंमत बदलत नाही, आणि या कथेचा खरा कस येथेच लागतो. मच्छीमार व्हालीच्या मागे गेला नाही तरी ती त्याच्या जाळ्यात येते. इतर माशांसाठी लावलेल्या जाळ्यात एवढा प्रचंड जीव गुरफटला की तो बाहेर निघण्याचा एकच मार्ग असतो, जाळे कापणे. जाळे म्हणजे होडीचे भांडवल. ते अनेकदा कर्जावर घेतलेले असते. ते कापले की त्या फेरीची मासळी जाते, डिझेलचा खर्च अंगावर पडतो, खलाशांची मजुरी द्यायची ती द्यावीच लागते आणि दुरुस्तीपर्यंतचे दिवस बुडतात. किनाऱ्यावर बसून दया सांगणाऱ्याला यातले काहीच भरावे लागत नाही.

हे ओळखून गुजरात वनविभागाने कापलेल्या जाळ्यासाठी आर्थिक साहाय्य देण्यास सुरुवात केली. आरंभी ही रक्कम पंचवीस हजार रुपयांपर्यंत होती. सुरुवातीला पंचनाम्यासाठी अधिकारी समुद्रात पोहोचेपर्यंत मासा जाळ्यातच अडकून राहत असे, आणि मदतीसाठीच त्याची सुटका लांबत असे. मग मच्छीमारांच्याच हाती पाण्यात चालणारे कॅमेरे देण्यात आले. मासा सापडला की छायाचित्र घ्यायचे, लगेच जाळे कापायचे आणि किनाऱ्यावर येऊन छायाचित्र दाखवायचे. म्हणजे व्यवस्थेने मच्छीमाराच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या विश्वासाचे फळ असे की आजवर नऊशेहून अधिक व्हेल शार्क या किनाऱ्यावर जाळी कापून मुक्त करण्यात आल्या आहेत. मिळणारे साहाय्य प्रत्येक वेळी सगळे नुकसान भरून काढतेच असे नाही. उरलेला भाग मच्छीमार स्वतः सोसतो.

वेरावळहून गिरनार काही तासांच्या अंतरावर आहे. त्या पर्वताशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नेमिनाथांची कथा घराघरांत सांगितली जाते. लग्नाची वरात, कोंडवाड्यातील पशूंचा आक्रोश आणि माघारी वळलेला रथ हे चित्र लहान मुलांनाही परिचित असते. जाळे कापणारा मच्छीमार विरक्त नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मासे धरण्यासच जातो. त्या महान त्यागाशी त्याची तुलना करता येणार नाही. तरी पदरचे काही सोडल्यावाचून दुसऱ्या जीवाला वाट देता येत नाही, ही गोष्ट गिरनारवर जितकी खरी आहे तितकीच समुद्रातही खरी आहे. नाकाला रुमाल लावून बंदर ओलांडणाऱ्याने एवढे मनात ठेवावे.

व्हालीला मिळालेले अभय सगळ्या शार्कना मिळालेले नाही. २००१ च्या जुलैमध्ये सरकारने शार्क आणि त्यांच्या कुळातील सर्वच माशांना संरक्षण दिले होते. उपजीविकेवर आघात झाल्याने मच्छीमारांनी विरोध केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही यादी दहा जातींवर आणण्यात आली. त्यांत व्हेल शार्कसह करवत मासा आणि गंगेतील शार्क यांचा समावेश होता. २०१३ मध्ये असे ठरले की शार्कचे पर समुद्रातच कापून उरलेला जीव पाण्यात फेकून देण्यास मनाई राहील. मासा आणावयाचा तर परांसह अखंड आणावा. २०१५ मध्ये सर्व जातींच्या शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी आणखी वाढली. उरलेल्या अनेक जाती, ज्यांना कोकणात 'मोरी' किंवा 'मुशी' म्हणतात, आजही बाजारात येतात. जगभर दरवर्षी आठ ते दहा कोटी शार्क मारल्या जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

उलट बाजूचा आकडाही पाहण्यासारखा आहे. माणसाने न छेडता शार्कने चावा घेण्याच्या घटना साऱ्या जगात वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास होतात आणि त्यांत सरासरी पाच-सहा माणसे दगावतात. भय मात्र माणसालाच अधिक वाटते. ते भय अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही. व्हाली निरुपद्रवी असली तरी बुल शार्क आणि टायगर शार्क यांसारख्या जाती माणसाला गंभीर जखम करू शकतात. बुल शार्क तर खाडीतून नदीच्या गोड्या पाण्यातही शिरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वैतरणा नदीच्या पात्रात शार्कच्या चाव्याने एका तरुणाचा पाय जबर जखमी झाला होता. भारतात अशा घटना विरळ आहेत. तरी कुटुंबासह किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत.

पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री पाण्यात उतरू नये. शार्क बहुधा याच वेळी भक्ष्य शोधतात. गढूळ पाणी, नदीचे मुख आणि पावसानंतरची खाडी टाळावी, कारण तेथे शार्कलाही नीट दिसत नाही आणि माणूस व मासा यांत तिची गफलत होते. जेथे जाळी ओढली जात आहेत किंवा मासळी साफ करून टाकाऊ भाग पाण्यात सोडला जात आहे, त्या ठिकाणापासून दूर राहावे. एकट्याने खोल पाण्यात जाऊ नये. अंगावर वाहती जखम असल्यास पाण्याबाहेरच राहावे. चकाकणारे दागिने माशाच्या खवल्यांसारखे चमकतात, ते काढून ठेवावेत. शार्क दिसलीच तर पाणी न खळबळवता, तिच्याकडे नजर ठेवून, शांतपणे किनाऱ्याकडे यावे. ती अंगावर आलीच तर तिचे नाक, डोळे आणि कल्ले यांवर जोराने प्रहार करावा. चावा झाल्यास जखमीला ताबडतोब बाहेर काढून स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी आणि तसेच दाबून ठेवून रुग्णालय गाठावे; अशा वेळी मृत्यू येतो तो मुख्यतः रक्तस्रावाने.

शार्कचेच नातलग असलेले पाकट वाळूत लपून बसतात. २०१३ मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर पाकटांनी अनेकांच्या पायांना दंश केला होता. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत पुढे सरकावे, म्हणजे पाकट आधीच दूर होतो. दंश झाल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. खोल रुतलेला काटा स्वतः उपटू नये.

सोमनाथच्या पायथ्याशी तर यांपैकी कशाहूनही लाटांचा आणि प्रवाहाचा धोका मोठा आहे. मंदिरामागचा समुद्र खवळलेला असतो. तेथे स्नानाचा मोह आवरावा आणि काठावरूनच नमस्कार करावा. कोठेही पाण्याचा ओघ आत खेचू लागला तर त्याच्याविरुद्ध झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओघाच्या बाहेर यावे आणि मग काठाकडे वळावे. दरवर्षी भारतातील किनाऱ्यांवर जी कुटुंबे आपले माणूस गमावतात, ती जवळजवळ सगळी बुडण्याने गमावतात.

संध्याकाळी सोमनाथची आरती सुरू होते तेव्हा वेरावळच्या दिशेला होड्यांचे दिवे लागलेले दिसतात. काही परतत असतात, काही निघत असतात. धक्क्यावर खलाशी मांडी घालून जाळी सांधत बसलेले असतात. जुन्या, उन्हाने विटलेल्या जाळ्यात मधेच नव्या दोऱ्याचा एक मोठा पट्टा उठून दिसावा, तर तो खडकाने फाटलेल्या जागेचा असू शकतो, कुजलेल्या दोऱ्याचा असू शकतो. एखाद्या जाळ्यात मात्र तो अशा जागेचा असतो, जेथून सुरी चालवून कोणीतरी माहेरवाशिणीला वाट करून दिलेली असते. पाहणाऱ्याला तो फरक कळत नाही. सांधणाऱ्याला माहीत असतो.